थंड इंजिनांचा डबा

गाडीला बोलता येत नाही हे गाडीमालकांचं मोठं भाग्य. बोलता येत असतं तर पेठ रोडवरच्या माझ्या गॅरेजात मला पाना हातात घ्यायची वेळच आली नसती. गाड्यांनी मालकांना घातलेल्या शिव्या ऐकण्यातच दिवस गेले असते. त्यातल्या काही शिव्या मलाही पडल्या असत्या. त्या कुठल्या ते पुढे सांगतो. आधी मालकांचं सांगतो, कारण दुसऱ्याचं सांगायला सोपं जातं.

माझ्याकडे मुख्यतः पिकअप यायच्या. पुढे दोघा-तिघांची केबिन, मागे उघडा हौदा. नाशिकच्या आसपास फुलं, भाजी, कांदा, द्राक्षं, सिमेंटच्या गोण्या आणि लग्नाचं वऱ्हाड हे सगळं याच गाडीतून जातं, आणि बऱ्याचदा एकाच दिवशी जातं. कंपनी सांगते, एक टन माल घाला. आमचा माणूस ते ‘कमीत कमी एक टन’ असं वाचतो. चांदवडचा एक कांदेवाला मागच्या बाजूला स्प्रिंगचे जादा पाटे टाकून घ्यायला आला होता, म्हणजे दुप्पट कांदा भरला तरी गाडी बसायला नको. मी त्याला म्हटलं, पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. तो म्हणाला, “ब्रेक कशाला लागतोय भाऊ? एवढ्या वजनात गाडी पळतीय कुठं?” मी पाटे टाकून दिले.

गाडीची देखभाल म्हणजे काही गूढ विद्या नाही. पाच हजार किलोमीटरला इंजिनचं ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलायचा, हवेचा फिल्टर साफ करायचा, डिझेलच्या फिल्टरखाली साचलेलं पाणी सोडायचं, गाडीखालच्या सांध्यांना ग्रीस मारायचं, पंख्याचा पट्टा सैल झालाय का ते बोटाने दाबून पाहायचं. अर्ध्या दिवसाचं काम. पण चालू गाडी गॅरेजला नेणं म्हणजे धडधाकट माणसाने दवाखान्यात जाऊन खाटेवर पडण्यासारखं, अशी लोकांची समजूत. “भाऊ, चालतीय ना गाडी?” हा त्यांचा एकच सवाल. चालत होती हे खरंच होतं. मग एक दिवस ती सापुताऱ्याच्या चढावर चालायची थांबे, आणि मालक मला फोन करून विचारत, अचानक असं कसं झालं?

पाच हजार मोजायचे कसे हीही पंचाईत होती. मीटरची वायर एकतर तुटलेली असायची, नाहीतर विकताना गाडी तरुण दिसावी म्हणून मालकानेच काढून ठेवलेली. पण एक गोष्ट मी हेरली होती. मालक कितीही आळशी असो, अमावस्येला गाडी धुऊन, नारळ फोडून नवं लिंबू-मिरची बांधायला तो चुकत नसे. लिंबाची मुदत सगळ्यांना पाठ, ऑइलची एकालाही नाही. मग मी देखभालच अमावस्येला बांधून टाकली. दर अमावस्येला ग्रीस, दर दुसऱ्या अमावस्येला ऑइल, असा बोर्ड रंगवून दारावर लावला. जे माझ्या बोलण्याला जुमानत नव्हते ते रांग लावून उभे राहायला लागले. दिनदर्शिकेचा असा उपयोग त्या छापणाऱ्यांनीही केला नसेल.

मात्र धर्म एकदा गाडीत शिरला की तो ग्रीसपाशी थांबत नाही. पंचवटीतल्या एका मंडपवाल्याच्या गाडीचा रेडिएटर सारखा तुंबायला लागला. खोलून पाहिला तर आत झेंडूच्या पाकळ्या, तांदूळ आणि लालसर गाळ. चौकशी केल्यावर कळलं, हे गृहस्थ दर अमावस्येला रामकुंडावरून कळशी भरून आणतात आणि रेडिएटरमध्ये ओततात.

“निदान गाळून तरी घ्यायचं,” मी म्हणालो.

“तीर्थ कोणी गाळतं का, मिस्तरी?” त्यांनी मलाच विचारलं, आणि ते रागावून गेले. पुढच्या अमावस्येला मी त्यांना कूलंटचा डबा दिला. त्यांनी तो आधी गॅरेजातल्या गणपतीच्या तसबिरीपुढे ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, ते डब्याच्या बाहेरूनच वाहिलं, आणि मग ओतला. मला एवढं पुरेसं होतं.

या सगळ्या गोतावळ्यात दत्तू तेवढा निराळा. मखमलाबादचा, फुलं आणि भाजी पिकवणारा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्र्याण्णव साली त्याने नवी कोरी पिकअप घेतली आणि पेढे घेऊन आला. “भाऊ, मला गाडीतलं काय बी कळत नाय. तुम्ही सांगाल तसं करीन.” हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्या दिवशी बोलतं. दत्तू पुढेही तसाच वागला. सकाळी ऑइलची पट्टी ओढून पाहिल्याशिवाय तो चहा घेत नसे. त्याची बायको, इंदूवहिनी, हिने एक वही घातली होती: अमुक अमावस्या, ग्रीस, तमुक अमावस्या, ऑइल आणि फिल्टर. एक टनाच्या वर तो मेथीची जुडीसुद्धा चढू देत नसे. घरची एवढी एकच गाडी, आणि फुलं काही कुणासाठी थांबत नाहीत. गाडी एक दिवस उभी राहिली तर तोडलेला माल संध्याकाळी गुरांपुढे जायचा. म्हणून तो जपायचा. दत्तूची गाडी ही माझी चालती जाहिरात होती, आणि त्या भरात मी एकदा गॅरेजभर लोकांसमोर सांगून टाकलं की दोन लाख किलोमीटरपर्यंत या इंजिनला हात लागणार नाही.

आणि हे सांगायच्या आधीच, पहिल्या सर्व्हिसिंगला, मी त्या गाडीचा वॉल काढून टाकलेला होता.

गाडीतलं न कळणाऱ्यांसाठी सांगतो. इंजिनमधलं पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं, त्या वाटेवर पितळेची एक छोटी झडप असते. तिचं खरं नाव थर्मोस्टॅट. आम्ही नुसतं वॉल म्हणतो. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. इंजिन हवं तेवढं तापलं की आपोआप उघडते. कधी कधी ती अडकून बसते आणि उघडत नाही. या सगळ्यातलं मला तेव्हा फक्त शेवटचं वाक्य माहीत होतं. कधी काळी कुणाची तरी गाडी कसारा घाटात वॉल अडकून उकळली असेल, आणि आम्ही मिस्तरी लोकांनी ठरवून टाकलं की वॉल हेच रोगाचं मूळ. माझ्या वस्तादाने काढले, म्हणून मी काढले. नवी गाडी आली की पहिलं काम तेच. मग तापमानाचा काटा तळातून हलायचाच नाही. मालक खूश. “भाऊच्या हातची गाडी म्हणजे बर्फ,” असं लोक बोलायचे, आणि ते ऐकून मी सगळ्यांना चहा सांगायचो. काढलेले वॉल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमवले होते. मुतखडे काढणारे डॉक्टर बाटलीत खडे भरून ठेवतात ना, तसा तो डबा मी टेबलावर दर्शनी ठेवला होता.

वॉल काढू दिला नाही तो एकाच माणसाने. देवळाली कॅम्पातले एक सुभेदार. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि बदली झालेल्या कुटुंबांचं सामान हलवायला त्यांनी पिकअप घेतली होती. घडीचं स्टूल घेऊन यायचे, माझ्या शेजारी बसायचे आणि मी काय करतो ते डायरीत लिहायचे. नट किती आवळला ते विचारायचे. मी म्हणायचो, हाताच्या अंदाजाने. “कोणाच्या हाताच्या?” ते विचारायचे. अशा माणसाबद्दल प्रेम वाटणं अवघड असतं.

पहिल्याच दिवशी मी वॉलचे नट सोडायला गेलो तसं त्यांनी माझं मनगट धरलं. “मिस्तरी, याला हात लावायचा नाही.”

“साहेब, घाटात उकळेल.”

“उकळली तर वॉल तपासू, खराब असला तर नवा टाकू. काढायचा कशासाठी? इंजिन थंड ठेवायचं नसतं. नीट गरम ठेवायचं असतं. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, न जळलेलं खाली ऑइलमध्ये उतरतं. तसलं पातळ झालेलं ऑइल पिस्टनला काय सांभाळणार?”

ते गेल्यावर मी चार जणांसमोर म्हणालो, कॅम्पात बसून पुस्तकं वाचणाऱ्याला घाट काय कळणार? सगळे हसले. दत्तू तिथेच होता. तोही हसला, कारण मी हसलो होतो.

दत्तूच्या गाडीचं काम कसं, तर रोज पहाटे मखमलाबादहून फुलबाजारात. जेमतेम सात-आठ किलोमीटर. नाशिकच्या थंडीत इंजिन कोमट व्हायच्या आत गाडी पोचलेली असायची. आठवड्यातून एकदा हरसूलचा बाजार, कधीमधी मुंबई. दुसऱ्याच वर्षी त्याच्या ऑइलला डिझेलचा वास यायला लागला. पट्टीवर ऑइलची पातळी खाली जायच्या ऐवजी वर चढायची. दत्तू कौतुकाने सांगायचा, “भाऊ, माझी गाडी ऑइल खात नाय. उलटं वाढवतीय.” सुभेदार जे बोलले होते तेच डोळ्यांसमोर घडत होतं, आणि मी मान डोलावून म्हणालो की नशीबवान आहेस.

सत्त्याण्णव साली, दसऱ्याला आठ दिवस राहिले असताना, दत्तूची गाडी हरसूलच्या चढावर दम टाकायला लागली. मागून निळा धूर, ओढ अजिबात नाही. कशीबशी गॅरेजला आणली. इंजिन खोललं तर पिस्टन ज्यांत खाली-वर होतात ते बोअर झिजून गेलेले. नव्वद हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते, आणि मी तर दोन लाख बोललो होतो. गॅरेजात नेमकी पाच-सहा माणसं उभी होती, त्यांत तो चांदवडचा कांदेवाला होता. त्याने कधी वेळेवर ऑइल बदललेलं नव्हतं, माझ्याकडे तो फक्त पाटे टाकायला आलेला, आणि त्याची गाडी बाहेर दुप्पट कांदा घेऊन ठणठणीत उभी होती. तिचा वॉल काढायची संधी मला मिळालेली नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दत्तूने वही उघडून माझ्यापुढे धरली. चार वर्षांत एक अमावस्या चुकलेली नव्हती.

“भाऊ, माझं कुठं चुकलं?”

मला माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पाच-सहा माणसं ऐकत होती आणि माझं नाव पणाला लागलं होतं. मी म्हणालो, “पहाटे थंडीत चालू केल्या केल्या रेस करत असशील.”

दत्तू खाली बघत म्हणाला, “करतो कधी कधी.”

कोण करत नाही? “मग तेच,” मी म्हणालो. दत्तूने वही मिटली. त्या दसऱ्याला सगळ्याच गाड्या आधीपासून ठरलेल्या होत्या, त्याला वेळेवर एकही मिळाली नाही. सायकलवर आणि एसटीच्या टपावर जमेल तेवढी फुलं त्याने नेली. निम्मा झेंडू झाडावरच राहिला.

इंजिन खोललेलं पडलं होतं तेव्हाच सुभेदार आपल्या गाडीच्या ऑइलसाठी आले. झिजलेल्या बोअरवरून त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, “याचा वॉल कुठे आहे?” मी टेबलावरच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी स्टोव्ह पेटवायला सांगितला, आमचं चहाचं पातेलं पाणी घालून वर ठेवलं आणि डब्यातला एक वॉल तारेने बांधून आत सोडला. पाणी उकळायच्या जरा आधी पितळेची चकती हळूच उचलली गेली आणि करंगळी शिरेल एवढी फट पडली. इतकी वर्षं शेकड्यांनी वॉल काढले, पण एकही उघडताना मी पाहिला नव्हता. सुभेदारांनी दुसरा सोडला. मग तिसरा. अकरा सोडले, दहा उघडले. ते माझ्याकडे न बघता डायरीत आकडा लिहीत होते. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. दत्तूचा वॉल कुठला ते ओळखायला मार्ग नव्हता, पण तोही उघडणाराच असणार.

नव्या बोअरच्या इंजिनात मी गुपचूप नवा वॉल बसवला. दत्तूला काही बोललो नाही. दोन महिन्यांनी तो आला तो हसतच. “भाऊ, तुमचं बोलणं खरं निघालं. आता थंडीत रेस करत नाय, तर बघा, ऑइल वाढायचं थांबलं. डिझेल बी कमी खाती.” मी हो म्हणालो. हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि तेही लिहायला हवं.

बाकीच्या गाड्यांमध्ये मी एकेक करून वॉल परत बसवत गेलो. काटा तळातून मधोमध यायला लागला तशा तक्रारी सुरू झाल्या. “भाऊचा हात गेला आता. पहिल्यासारखी गाडी गार राहत नाय,” असं लोक चहाच्या टपरीवर बोलायचे. काही गिऱ्हाइकं रस्त्यापलीकडच्या मिस्तरीकडे गेली. त्याने त्यांचे वॉल काढून दिले. डबा मी टेबलावरून उचलून आत फळीवर टाकला होता; त्याने आता स्वतःचा डबा मांडला.

दोन हजार तीन साली दत्तूने दुसरी नवी पिकअप घेतली. हार घातलेली गाडी थेट गॅरेजच्या दारात आणली. हातात नारळ, मागे हौद्यात पेढ्यांचा पुडा. त्याचे आता केस पांढरे व्हायला लागले होते.

“भाऊ, आधी वॉल काढा. मंग नारळ फोडू.”

मी पानासुद्धा उचलला होता. सवय म्हणा. मग तो खाली ठेवला. “दत्तू, वॉल काढायचा नसतो.”

“मागच्या गाडीचा काढला व्हता की.”

“काढला होता. म्हणूनच तिचं इंजिन गेलं. तू रेस करायचास म्हणून नाही.”

“हे तुम्हाला कवा कळलं?”

“त्याच दसऱ्याला.”

दत्तू ओरडेल असं वाटलं होतं. तो नव्या गाडीच्या बंपरवर बसला आणि हातातला नारळ फिरवू लागला. “भाऊ, सहा वर्सं झाली,” तो म्हणाला. “रोज सकाळी मी गाडीला लेकरावानी हळूहळू उठवतो. अन् रोज सकाळी इंदू मागून म्हणती, आता कशाला जपताय, पहिलं इंजिन तुम्हीच खाल्लं, दसऱ्याची फुलं बी तुम्हीच खाल्ली. मी ऐकून घेतो. मला वाटायचं, बरोबर हाय तिचं.” मग उठून त्याने नारळ सीटवर ठेवला. “मला नका सांगू. घरी चला अन् तिला सांगा.”

कसाऱ्यात ब्रेक गेलेली गाडी मी चालवून आणलेली आहे, पण पेठ रोड ते मखमलाबाद एवढा लांब रस्ता मी पाहिला नाही. इंदूवहिनी ओट्यावर बसून फुलं निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: वॉल, डबा, पातेलं, आणि त्या दिवशी पाच-सहा माणसांसमोर मी जे बोललो ते. मग हात पदराला पुसून ती आत गेली आणि जुनी वही घेऊन आली. दसऱ्याचं पान काढलं. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘यांनी थंडीत रेस केल्यामुळे इंजिन गेले.’

तिने पेन माझ्या हातात दिलं. “हे खोडा. अन् खरं लिहून सही करा.”

मी लिहिलं. आयुष्यात इतक्या बिलांवर सही केली, पण अशी सही पहिल्यांदाच. तिने वाचून पाहिलं आणि वही मिटली. “सहा वर्सं मी यांना बोलले भाऊ. ते सगळं तुमच्या वाट्याचं व्हतं. आता तुम्हाला कवा बोलायचं?”

दत्तू हळूच म्हणाला, “चहा तरी दे त्यांना.”

“देते,” ती म्हणाली. “पण हे काय मिटलं नाय.”

नारळ दुसऱ्या दिवशी फुटला. वॉलला हात न लावता. त्यानंतर दर अमावस्येला दत्तूची गाडी यायची तेव्हा केबिनमध्ये इंदूवहिनीही असायची, नवी वही घेऊन. सुभेदारांनी वय झाल्यावर आपलं घडीचं स्टूल माझ्याच गॅरेजात ठेवून दिलं होतं. ती त्यावर बसायची. हे का सोडलं? हे का घातलं? जुना भाग खराब कशावरून? आधी दाखवा, मग बदला. सुरुवातीला मी चिडायचो. नंतर चिडायचं सोडून उत्तरं शोधायला लागलो, आणि दोन वेळा उत्तर सापडलं नाही म्हणून तो भाग तसाच राहू दिला. तो पुढे कधी बिघडला नाही.

गुडघ्यांनी साथ सोडली आणि मी गॅरेज बंद केलं, त्या वर्षी दत्तूच्या त्या गाडीच्या मीटरवर दोन लाख पुरे झाले होते. मीटरची वायर शाबूत होती. दोन लाखांपर्यंत इंजिनला हात लागणार नाही, असं मी एकदा बोललो होतो, ते या गाडीच्या बाबतीत खरं झालं. समोर स्टुलावर इंदूवहिनी बसलेली असताना मी हात लावणार तरी कसा होतो?